सैपाक झाकून ठेवला हाये

अक्का, टीव्हीवरची चादर शेवटी मीच काढली. तुमचीच ती, निळ्या फुलांची, पायांवर घ्यायची. तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बायांपैकी कुणीतरी म्हणालं की सुतकात टीव्ही उघडा ठेवू नये, आणि हाताला लागली ती चादर त्याच्यावर टाकून दिली. सुतकभर ती तशीच राहिली. स्वयंपाकघरात फोडणी नाही, दारात रांगोळी नाही, आणि समोर तुमची चादर पांघरून बसलेला टीव्ही. येणाऱ्याजाणाऱ्या बाया तुमच्या रिकाम्या खाटेकडे पाहून रडायच्या, मी टीव्हीकडे पाहून रडायचे. हिचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल तर वाटो. चादरीखाली आपला पिच्चर अर्धा राहिला होता, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

जावाजावांचं पटत नाही, हे सगळे धरूनच चालतात. आपलं तरी सुरुवातीला कुठं पटत होतं? तुम्ही थोरल्या, मी धाकटी. मी पैनगंगेच्या पलीकडची, मराठी शाळेत शिकलेली. तुम्ही तामसीकडच्या, पण वडिलांनी हट्टानं तेलुगू शाळेत घातलेल्या. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याच्या या घरात मी आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की तुमच्याशिवाय माझं पानही हलणार नाही. बाजारात भाजीवाली तेलुगूत काही बोलली की मी तुमच्या तोंडाकडे पाहायचे. आणि घरात दादा काही बोलले तरीही तुमच्याच तोंडाकडे.

दादा म्हणजे तुमचे मालक, माझे भासरे. भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मावल्यातल्या पोरी आता स्कूटीवरून फिरतात, नवऱ्याला नावानं हाक मारतात, पण आपल्या घरात दादा दुकानातून आले की माझा पदर डोक्यावर आणि मी आत. त्यांनीही कधी माझ्याशी सरळ बोलू नये. मी पोळी वाढत समोर उभी असायचे आणि ते तुम्हाला सांगायचे, "कुंदेले म्हणा, भाजीत मीठ नाही टाकलं आज." तुम्ही लगेच माझ्याकडे वळायच्या, "कुंदे, भाजी झ्याक झाली म्हणतात. मीठ अजून थोडंसं चालते म्हणतात." मला दोन्ही ऐकू यायचं. दादांनाही ऐकू यायचं. कुणीच काही बोलायचं नाही, आणि जेवण चांगलं व्हायचं. एवढी वर्षं हे असंच चाललं आणि त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग तुम्ही न्हाणीत घसरलात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चालतील, पण तुम्ही काही चालल्या नाहीत. खाट मधल्या खोलीत आली. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की शेजाऱ्याची भिंत. ऊन त्या भिंतीवरून वर जायचं तेवढंच आपल्याला दिसायचं. सकाळी दादा आणि माझे हे घरच्या दुकानात गेले की पुढचं लोखंडी दार लागायचं, आणि मग तुम्ही, मी आणि ती भिंत. तुमचं अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, औषधं. मला तुमच्या खाटेचा राग यायचा, अक्का. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून बोलून टाकते. एकदा तुमची वेणी घालताना मी जरा जोरातच ओढली तर तुम्ही म्हणालात, "वढ बापा, वढ. मलेही माहा असाच राग येते." त्यावर मी हसले की रडले ते आता आठवत नाही.

पिच्चरची कल्पना तुमचीच. माझी श्वेता सुट्टीत हैदराबादहून आली होती, तिनं टीव्हीवर फुकटचे पिच्चर कसे काढायचे ते मला शिकवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाहीर केलं, "कुंदे, मी देवाच्या पिच्चरशिवाय काहीच नाही पाह्यलं. तेही अर्धेच. आता पडूनच राह्यची हाये तर सगळ्या जातीचे पाहू. मारामारीचे, भुताचे, लफड्याचे, पोलिसाचे. एकही जात सोडायची नाही."

"अर्धे काऊन?" मी विचारलं.

"बसच्या पायी," तुम्ही म्हणालात. लहानपणी तुमचे वडील तुम्हा बहिणींना तामसीहून आदिलाबादला टॉकीजमध्ये आणायचे, पण परतीची शेवटची बस पिच्चर सुटायच्या आधी निघायची. म्हणून इंटरवल झालं, दिवे लागले, की वडील हात धरून उठवायचे. तुम्ही कोणत्याच पिच्चरचा शेवट पाहिला नाही. धाकट्या बहिणी बसमध्ये रडायच्या, मग तुम्ही त्यांना पुढचं सांगायच्या. "तुमाले कसं ठाऊक राहे?" असं मी विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जशी काही मीच वेडी. "ठाऊक कायले पाह्यजे? जे व्हाव वाटे ते सांगत होती." ही गोष्ट मी ऐकली, हसले आणि विसरून गेले. विसरायला नको होती.

मग सुरू झालं. भाकरी-भाजी उरकली, दार लागलं, की टीव्ही. पहिला मारामारीचा. त्यात जीप उडत होत्या आणि हिरोच्या केसाची बट हलत नव्हती. तुम्ही म्हणालात, "याले तेल कोणतं लावते रे बापा?" आणि पुढचा अख्खा पिच्चर आपण त्याच्या केसांवरच लक्ष ठेवून पाहिला. मग भुताचा. बंगल्यात अडकलेली एक पांढऱ्या साडीतली बाई, सगळे तिला घाबरत होते. मीही घाबरले, तुमचा हात धरला. तुम्ही तिच्याकडे बघत शांतपणे म्हणालात, "हे भूत बरं हाये. भिंतीतून तरी जाते. आपल्याले दारातून जाता येत नाही." मग माझी भीती गेली आणि त्या भुताचा हेवा वाटायला लागला. पोलिसाच्या पिच्चरात खून कुणी केला ते तुम्ही सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि तो निघालाही तोच. विचारलं तर म्हणालात, "जो बाई चहा घेऊन आली तरी तिच्याकडे पाहत नाही, तोच राह्यते." प्रेमाच्या पिच्चरात मात्र तुम्ही अगदी गप्प असायच्या. दादांनी तुम्हाला कधी पिच्चरला नेलं होतं का, हे मी विचारणार होते. नाही विचारलं.

इंटरवलला आपण टीव्ही थांबवायचो. हा तुमचा नियम. मी चहा करून आणायचे, आणि चहा संपेपर्यंत पुढं काय होईल ते दोघींनी सांगायचं. मी नेहमी घाबरत सांगायचे, आता हिचा बाप मरेल, आता हिला घरी परत आणतील. तुम्ही नेहमी उलट. तुमच्या बाया कधीच परत यायच्या नाहीत. त्यावरून आपली भांडणं व्हायची आणि चहा गार व्हायचा.

पिच्चर बहुतेक तेलुगू. मला बाजारापुरतं तेलुगू येत होतं, भाव विचारण्याइतकं. एवढ्या भराभर बोललेलं कुठलं कळायला? तुम्ही सांगत जायच्या. आणि अक्का, तुमच्या सांगण्यातल्या सगळ्या बाया घर सोडून निघताना एकच वाक्य बोलायच्या. पोलिसातली बाई गुंडांना पकडायला निघाली, तुम्ही सांगितलं, "नवऱ्याले म्हणते, सैपाक झाकून ठेवला हाये, मी चालली." देवाच्या पिच्चरात राणी वनात निघाली, तुम्ही सांगितलं, "राजाले म्हणते, सैपाक झाकून ठेवला हाये." मी म्हटलं, "अक्का, राणी सैपाक करते काय?" तुम्ही म्हणालात, "नाही केला तर राजा काय खाईन?" एक बाहेरच्या देशातला, तेलुगूत केलेला पिच्चर होता, त्यात एक बाई यानात बसून चंद्राच्याही पलीकडे निघाली होती. डोक्यावर काचेचं टोपलं, पाठीवर नळ्या. ती दोन शब्द बोलली आणि तुम्ही बराच वेळ सांगत राहिलात, की लेकराले आजीपाशी ठेवलं, दळण आणलं, सैपाक झाकून ठेवला, आता कोणी वाट पाहू नोका. मी म्हटलं, "ती तर दोनच शब्द बोलली." तुम्ही डोळाही न हलवता म्हणालात, "तेलुगू लई गच्च भाषा हाये, कुंदे. थोड्यात लई मावते."

एवढी मी हसले की पोटात दुखायला लागलं. त्या खोलीत, त्या भिंतीसमोर, त्या औषधांच्या वासात मी आयुष्यात हसले नाही तितकी हसले. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले.

शिवणाच्या दुकानाची गोष्ट याच दिवसांतली. आदिलाबादच्या बाजारात ब्लाउज शिवणाऱ्या मॅडम, त्यांनी मी शिवलेलं श्वेताचं ब्लाउज पाहिलं आणि फोन केला. हिंदीत म्हणाल्या, "कटिंग के वास्ते मेरे को ऐसाच हाथ होना. कब से आते?" माहेरी मी शिवण शिकले तेव्हापासून माझ्या मनात एकच चित्र होतं, उंच टेबल, मोठी कात्री आणि समोर रस्ता. मशीन इथं आली ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि तिथून मला फक्त मोरी दिसायची. पण मी मॅडमना म्हटलं, बघते. आणि तुम्हाला म्हटलं, नाही जमायचं.

"काऊन?"

"तुमाले कोण पाह्यीन?"

"मी काय वासरू हाये, की दाव्याले बांधून एकजण राखण बसलं पाह्यजे? शेजारच्या लक्ष्मीले सांगू, ते येत जाईन दुपारी."

"मले तेलुगू येत नाही. गिऱ्हाइकासंग बोलू काय?"

तेव्हा तुम्ही रागावल्या. खरंच रागावल्या. त्या दिवशी पिच्चर लावला आणि तुम्ही तोंड भिंतीकडे करून पडून राहिलात. एक शब्द सांगितला नाहीत. कोर्टाचा पिच्चर होता, सगळे नुसते बोलत होते. मीही हट्टानं बसले. इंटरवल झालं, मी चहा आणला, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "खून कोणं केला?" मी म्हटलं, "दिरानं वाटते. तो खोटं बोलून राह्यला, बायको शेतात होती म्हणते अन् ती तर माहेरी होती." तुम्ही वळलात. खुब्याची कळ सोसत, स्वतःच्या जिवावर वळलात, आणि म्हणालात, "समजते न तुले सारं. मंग काऊन लपवते?"

तेलुगूच्या मागे मी लपले होते हे खरं, पण तेलुगू नसतं तर आणखी काहीतरी सापडलं असतं. इतकी वर्षं दाराच्या आत राहिलं की बाहेर जायचं कारण सापडत नाही, न जायची मात्र हवी तेवढी सापडतात. हे मी तुम्हाला बोलले नाही. बोलले असते तर भांडण तरी मिटलं असतं.

मग एक दिवस तुम्ही सांगितलंत, "तुह्या भासऱ्याले इचारलं मी. दुकानाचं. हो म्हणले ते. खुशाल जाऊ द्या म्हणले." मला खरं वाटेना. दादा? ज्यांना मी दारात भाजी घेताना जास्त वेळ उभी राहिलेली चालत नाही, ते? पण तुम्ही सांगितलं म्हणजे सांगितलं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "दादा हो म्हणले न? मंग मले काय इचारते?" सगळी दारं उघडी झाली, आणि मी मात्र म्हटलं, थंडी जाऊ द्या, तुमचा खोकला थांबू द्या.

तो खोकला थांबला नाही.

त्या दुपारी घरच्या भांडणाचा पिच्चर होता. मोठ्या घरची सून, तिला शहरात नोकरीचं बोलावणं येतं. ती नवऱ्याला सांगते, सासूला सांगते. तुम्ही धापा टाकत सांगत होता, मी म्हणत होते, राहू द्या अक्का, मला समजते. इंटरवलला ती बॅग घेऊन उंबऱ्यावर उभी होती आणि सगळं घर अंगणात. टीव्ही थांबवला. तुम्ही विचारलंत, "सांग, जाते का राह्यते?" मी तोंड उघडलं, आणि तुम्हाला जी उबळ आली ती हटेचना. ओठ निळे पडले. मी ह्यांना फोन केला, गाडी आली. स्ट्रेचरवर चढवताना तुम्ही माझा पदर धरला आणि म्हणालात, "पिच्चर बंद नोको करू. तिथंच ठेव." तुमचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. दवाखान्यात नाकातोंडाला नळ्या लावल्या, तेव्हा मला ती यानातली बाई आठवली. तुम्हालाही आठवली असेल.

सुतकात बसून बसून माझा जीव घुसमटला, अक्का. तुम्ही गेलात आणि घर सैल होईल असं कुणालाही वाटलं असतं, खाट उठली, औषधं गेली. झालं उलटंच. जी ती बाई मला जवळ घेऊन सांगे, "आता तूच मोठी." तेरवीला नणंदबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या हातात धान्याच्या कोठीच्या किल्ल्या दिल्या. म्हणाल्या, "दादाचं जेवणखाण आता तुह्यावर. घर सोडून हालू नोको." त्या प्रेमानंच म्हणत होत्या. मी किल्ल्या कमरेला खोचल्या. तुम्ही अंथरुणातून मला ढकलत होता तोवर दाराकडे कोणीतरी बोट दाखवणारं होतं. आता सगळेच भिंतीकडे बोट दाखवत होते. त्यात मॅडमचा फोन आला, संक्रांतीचं शिवण येऊन पडलं आहे, उद्यापासून आलात तर या, नाही तर दुसरी पाहते.

माझ्याकडे एकच आधार होता. दादा हो म्हणाले होते.

पाहुणे गेले आणि मी चादर काढली. सुतकाला आलेली श्वेता म्हणाली, "आई, नको ना आताच." मी म्हटलं, "मोठ्या आईनं तिथंच ठेवायला सांगतलं होतं, तिथून लावून दे." तिनं शोधून लावलं. ती सून उंबऱ्यावर उभी. मग ती बोलायला लागली, रडत, हात जोडून. मला निम्मं कळलं आणि जे कळलं ते पटेना. म्हणून मी श्वेताला विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, माझं चुकलं. हे घर सोडून मी कुठं जाणार? आणि बॅग आत ठेवायला सांगते."

"असं कसं? आधी तर नवऱ्याला म्हणाली होती, सैपाक झाकून ठेवला हाये, मी चालली."

श्वेतानं मागं नेऊन तो भाग लावला. ऐकला. पुन्हा ऐकला. "आई, ती म्हणते, तुम्ही सांगाल तसं करते. सैपाकाचं काही नाही म्हणत ती."

मग आम्ही राणी काढली. राणी म्हणत होती, स्वामी, माझा त्याग करू नका. पोलिसातली बाई म्हणत होती, उशीर झाला तर माफ करा. यानातली बाई फक्त म्हणाली, तयार आहे. श्वेता हसत सुटली आणि हसता हसता तिला रडू फुटलं, मोठी आई, मोठी आई करत. मी मात्र थिजून बसले होते. आता मला श्वेताची गरज नव्हती, माझं मलाच कळत होतं. एकही बाई तसं बोलली नव्हती. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या बाया तामसीच्या बसमध्ये बसून गेल्या होत्या. जे व्हावंसं वाटे ते तुम्ही सांगत होता.

राग आला. आधी रागच आला. मला वाटलं, मी काय तुमची धाकटी बहीण होते, रडू नये म्हणून गोष्टी सांगायला? आणि रागाच्या मागोमाग ती दुसरी गोष्ट लक्षात आली. दादांचा होकार कुणी ऐकला होता? तोही तुम्हीच सांगितला होता.

सकाळी उठून मी ज्वारीच्या भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, डाळ केली. सगळ्यावर ताट उपडं घातलं. कात्री पिशवीत टाकली, टेप टाकला. दादा ओसरीत उन्हाला बसले होते, अंगावर शाल, समोर पेपर, पण वाचत नव्हते. तुमच्या जाण्यानं ते फार खचले आहेत, अक्का, तुम्हाला वाटलं नसतं इतके. मी पायरीपर्यंत आले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, "श्वेता, मायले इचार, कुठं चालली?"

श्वेता आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. मला दिसलं, ती आता काहीतरी गोड जुळवणार. माझी लेक, तुमची जागा घेऊन आमच्या दोघांच्या मधे उभी राहणार, आणि जन्मभर तिथंच राहणार. मी तिच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. डोक्यावर पदर होताच. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहून बोलले.

"दादा, अक्कानं तुमाले इचारलं होतं न? माह्या दुकानाचं?"

ते दचकले. चष्मा काढून पुसायला लागले.

"नाही," ते म्हणाले. "मले काही बोलली नाही ते. कोणतं दुकान?"

तर असं, अक्का. दार उघडंच नव्हतं. तुम्ही नुसतं उघडं आहे म्हणून सांगितलं होतं, आणि मी पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभी. बाजूला श्वेता, आतून हे डोकावून पाहत होते, आणि तुमचा प्रश्न अजून माझ्या तोंडात तसाच होता, जाते का राह्यते. मागे फिरायला एक पाऊल पुरलं असतं. त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं, माझंसुद्धा वरून दिसेल असं काही बिघडलं नसतं.

"सैपाक झाकून ठेवला हाये, दादा," मी म्हटलं. "मी दुकानात चालली. बाजारात, ब्लाउज शिवाले. दिवे लागाच्या आत येतो."

मी चपला घातल्या. लोखंडी दाराची कडी काढली, तिचा आवाज केवढा मोठा होतो ते मला आजवर माहीत नव्हतं. तेव्हा मागून आवाज आला. श्वेताला नाही, ह्यांना नाही. माझ्या पाठीला.

"फाट्यावर ऑटो भेटते," दादा म्हणाले.

एवढंच. तुम्ही असत्या तर याचा अर्थ मला ऑटो येईस्तोवर सांगत राहिल्या असत्या. तुम्ही नव्हता, म्हणून मी तो माझ्या मनानंच काढला, आणि फाट्याकडे निघाले.